बिघाड माझ्यात नाही

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि माझ्यात काहीही बिघाड नाही. मित्रांनो, हे अगदी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण गेलं वर्षभर या घरात जो येतो तो माझ्याकडं बोट दाखवून "ह्याचंच कायतरी गेलंय" म्हणतो. माझी सुई बदलली, वायरी बदलल्या, आतला पट्टा बदलला. तेलसुद्धा पाजलं मला! त्या तेलाची गोष्ट पुढं येईलच. नुसती आठवण झाली तरी अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझा हात बसवला. हात म्हणजे ती लांब दांडी, जिच्या टोकाला सुई असते. ती बाई माझ्याकडं बघून हसली असं मला आठवतं, पण मी तेव्हा नुकताच जन्मलो होतो, शपथेवर सांगता येणार नाही. मग बोटीनं मुंबई आणि मुंबईहून सोलापूर. बँकेतल्या एका साहेबांनी मला मोठ्या हौसेनं आणलं होतं. त्यांच्याकडं मी भावगीतं वाजवली, अभंग वाजवले, दिवाळीच्या पहाटे सनई वाजवली. पाहुणे यायचे, "काय आवाज आहे हो!" म्हणायचे, आणि मी फुगून जायचो. पुढं कॅसेट आली, सीडी आली, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. शेजारी एक फुटका कुकर आणि मोडका पाळणा. बोलायला चिटपाखरू नाही. साहेब गेल्यावर घर रिकामं केलं तेव्हा मला नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, जुन्या सामानाच्या दुकानात आणून टाकलं. तिथं मला विरेश भेटला.

विरेश यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर आहे. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य म्हणा. माग अडला, धागा सारखा तुटायला लागला, की जॉबरला बोलवायचं. चादरी आणि टॉवेल विणणारे ते माग एकदा सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून शेडमधली माणसं हातांनी बोलतात. पंजा आडवा धरून खाली दाबला की "माग थांबव", अंगठा ओठाला लावला की "चहा". विरेशचे वडील शिवलिंगप्पा, तेही जन्मभर जॉबरच होते. आता घरी असतात. त्यांना फार कमी ऐकू येतं. पण ते कुणी बोलून दाखवत नाही. घरातली माणसं आपोआप मोठ्यानं बोलतात, त्यांच्या समोर जाऊन बोलतात, आणि हे असंच असतं म्हणून सोडून देतात.

आता मला सांगा, दिवसभर त्या खडखडाटात राहणाऱ्या माणसाला कसलं संगीत आवडावं? तर जंगल! नाव ऐकून मी घाबरलोच होतो. वाटलं, वाघ-माकडांचे आवाज काढायला लावतो की काय या वयात. तसं काही नाही. तीस-एक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या पोरांनी जुन्या रेकॉर्डींवरचे ढोल घेतले, त्यांचे बारीक तुकडे केले, ते उलटेसुलटे जोडून भन्नाट वेगानं पळवले, आणि त्याखाली संथ, जड, पोटात घुमणारा खर्ज सोडला. त्याला जंगल म्हणतात. विरेशनं ते पहिल्यांदा एका मित्राच्या मोबाईलवर ऐकलं. बायकोला, म्हणजे चेतनाला, तो सांगत होता, "अगं, ऐकल्या ऐकल्या म्हटलं, आयला, हा तर आपला शेड की! फरक एवढाच, हितं कुणीतरी मागांना नाचायला शिकवलंय."

माझ्या जोडीला त्यानं मुंबईहून आणखी एक प्लेअर आणला. दोघांच्या मधे मिक्सर ठेवला. चटणीचा नव्हे हो, आवाजाचा! एका रेकॉर्डीचा ठेका दुसरीच्या ठेक्यावर असा बसवायचा की ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. हा त्याचा छंद. लग्नाची सुपारी नाही की मिरवणूक नाही. तरी गल्लीतल्या मंडळाची पोरं एकदा आलीच. "विरेशदा, तू डीजे हायस म्हणं. मिरवणुकीला लाव की!" त्यानं आनंदानं एक रेकॉर्ड लावली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी एकजण म्हणाला, "लई भारी हाय दादा, पण ह्यावर नाचायचं कुठल्या पायानं?" आणि सगळी हसत पळाली.

ते आमचे सुखाचे दिवस होते. माझं टेबल खिडकीशी. उन्हानं रेकॉर्डी वाकतात म्हणून खिडकीवर त्यानं घरचीच चादर टांगली होती. सुट्टीच्या दुपारी तो जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि मोबाईलवर नव्या रेकॉर्डी शोधायचा. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांना विचारायचा, "ही कुणाची? कुठं मिळेल?" एखादी सापडली की असा उठायचा की चेतना आतून विचारायची, "काय झालं, लॉटरी लागली का?" पार्सल यायच्या सुमारास पोस्टमनला फोन करून सांगायचा, "मामा, तेवढं सावलीत ठेवा की, पाया पडतो." आणि घरी आणल्यावर रेकॉर्ड दोन तळव्यांच्या मधे धरून नुसती बघत बसायचा. आमचं वादन तो इंटरनेटवर टाकायचा. एकदा ब्राझीलच्या कुणीतरी लिहिलं, फार सुंदर, पण हे सोलापूर कुठं आहे? चेतना म्हणाली, "सांगा त्यांना, चादरीच्या कोपऱ्यावर लिहिलेलं असतंय."

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं.

मिक्सरवर एक बटण असतं, बारीक, टोकदार आवाज वाढवायचं. विरेशचं बोट त्या बटणाकडं जास्त जायला लागलं. आधी थोडं, मग आणखी थोडं, मग पार शेवटापर्यंत. चेतना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. "अहो, कानात सुया टोचल्यागत होतंय!" आणि हा म्हणायचा, "आवाज मरलाय गं ह्याचा. सगळं गोधडीखालनं आल्यासारखं वाटतंय. सुई गेली वाटतं."

सुई गेली? माझी सुई? अहो, मी त्या रेकॉर्डीतला कण न् कण वेचून काढत होतो! जीव तोडून वाजत होतो. माझ्या जोडीदाराचाही आवाज त्याला तसाच लागायचा, तरी जुना म्हणून खापर माझ्यावरच. त्यानं नवी सुई आणली. तेच. वायरी बदलल्या, पट्टा बदलला. तेच. तो मला उलटा करून माझ्या पोटात बघायचा आणि सुस्कारा टाकायचा. मला एवढा अपमान माळ्यावरसुद्धा वाटला नव्हता.

आणि त्यात ते तेल! पोराचं यंत्र बिघडलंय हे बघून शिवलिंगप्पांचा जीव कळवळला. जन्मभर त्यांनी एकच ओळखलेलं, की यंत्र कुरकुरलं तर त्याला तेल द्यावं. विरेश कामावर गेल्यावर त्यांनी त्यांची जुनी तेलाची कुपी काढली आणि प्रेमानं मला मागाचं तेल घातलं. नेमकं पट्ट्यावर! माझा रबराचा पट्टा घसरायला लागला, आणि संध्याकाळी विरेशनं रेकॉर्ड लावली तर ती पेंगल्यासारखी वाजायला लागली. विरेश ओरडला, "अप्पा, काय केलंत हे!" अप्पा त्याच्या पाठीमागं उभे होते. त्यांना वाटलं, पोरगं खूश झालंय. ते हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. विरेश पट्टा पुसत बसला. मला त्या दोघांचाही राग आला होता, पण तो फार वेळ टिकला नाही.

कारण तोवर मला कळलं होतं. माझ्यासारख्याला कळणारच. आवाज माझ्यातून निघत होता, भिंतीपर्यंत जात होता, चेतनापर्यंत जात होता. फक्त विरेशपर्यंत पोचत नव्हता. त्या शेडनं बापाचे कान खाल्ले होते आणि आता लेकाचे खात होता. मी ओरडून सांगत होतो. पण मित्रांनो, माझा शाप असा, की रेकॉर्डीवर जे कोरलंय तेवढंच मला बोलता येतं.

अशात ती रेकॉर्ड आली. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातल्या दोन भावांनी काढलेली, नाव न छापलेली, अगदी थोड्या प्रती निघालेली. विरेशनं तिचा एक तुकडा लग्नाच्या आधी कधीतरी एका जुन्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणात ऐकला होता. त्यात मधेच सगळं थांबतं. ढोल थांबतात, खर्ज थांबतो, आणि एकट्या झांजा वाजत राहतात, इतक्या बारीक आणि इतक्या भरभर की अंगावर काटा येतो. मग खर्ज कोसळतो. तेवढ्यासाठी त्यानं ती रेकॉर्ड वर्षानुवर्षं शोधली. शेवटी तिकडच्याच एका म्हाताऱ्याकडं सापडली. पार्सल आलं त्या दिवशी विरेशनं आंघोळ करून, हात कोरडे करून ती माझ्यावर ठेवली. मीही दम धरला होता.

मी वाजायला लागलो. ढोल आले, खर्ज आला. विरेशचे डोळे मिटलेले. मग सगळं थांबलं आणि मी त्या झांजा वाजवल्या. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काही वाजवलेलं नाही. विरेशनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, रेकॉर्डीकडं बघितलं. सुई उचलून मागं ठेवली, पुन्हा ऐकलं. पुन्हा. मग एकदम सुई उचलली आणि म्हणाला, "फसवलं म्हाताऱ्यानं. घासून पुसून गेलेली पाठवली." आणि माझ्या झाकणावर असा हात आपटला की मी हादरलो. "नाहीतर हेच भंगार झालंय. उद्या देऊनच टाकतो."

"बंद का केलं?" चेतना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात उलथनं. "ते झांजांचं चांगलं होतं की. तुमच्या सगळ्या गाण्यांत तेवढं एकच आवडलं बघा मला."

"कुठल्या झांजा?"

"अहो, मधे सगळं गप्प होतंय आणि नुसत्या झांजा वाजत्यात. तेलात मोहरी तडतडल्यागत."

"तितं कायबी न्हाय. मोकळंच हाय ते."

"मोकळं कसं? मला गॅसपाशी ऐकू आलं."

विरेशनं तिच्या हातातल्या उलथन्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "मोहरी अजून तडतडते?"

चेतना आधी हसली. मग तिनं त्याचं तोंड बघितलं आणि गॅसकडं वळली. स्वयंपाकघराचं दार माझ्या समोरच आहे, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. तिनं कढईत तेल घातलं, चांगलं तापवलं आणि मूठभर मोहरी टाकली. विरेश कढईवर वाकला. तेल उडून त्याच्या हनुवटीला चटका बसला तरी तो हलला नाही. मला इकडं खोलीत तो तडतडाट स्वच्छ ऐकू येत होता.

"आता?" चेतनानं विचारलं.

"उडताना दिसतेय," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू हल्ली तेल तापू देत न्हाईस."

दोघं पुन्हा माझ्याजवळ आले. त्यानं तीच रेकॉर्ड लावली आणि तळहात चेतनासमोर पसरला. सगळं थांबलं, झांजा सुरू झाल्या, आणि चेतना त्याच्या तळहातावर बोटानं तो ठेका वाजवायला लागली. तिला तो वेग जमत नव्हता, बोट अडखळत होतं. विरेश त्या बोटाकडं बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दारात शिवलिंगप्पा येऊन उभे राहिले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. हातांची भाषा ते आयुष्यभर बोलले होते. त्यांनी पंजा आडवा धरला आणि खाली दाबला. माग थांबव. विरेशनं सुई उचलली.

कानाच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते विरेशनं घरी येऊन चेतनाला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. जे गेलंय ते परत यायचं नाही. जे राहिलंय ते राखता येईल, पण शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी कानात बुचं घालायची, रोज, न चुकता. नाहीतर काही वर्षांत खर्जही जाईल, माणसांचं बोलणंही जाईल. डॉक्टरांनी दोऱ्यात ओवलेली रबराची पिवळी बुचं दिली.

पहिल्या दिवशी तो ती घालून गेला. संध्याकाळी मान खाली घालून आला. शेडमधला त्याचा दोस्त सिद्धाप्पा सगळ्यांसमोर खुणा करून हसला होता, आणि चहाच्या वेळी वर म्हणाला होता, "का बे, जॉबरच कान झाकाया लागला तर मागाचं दुखणं कोण ऐकणार?" हे काही त्याच्या पदरचं नव्हतं. सगळ्या शेडमध्ये हेच मानतात. माग कुठं दुखतोय ते जॉबर आवाजावरून ओळखतो, आणि कानात बोळे घालणारा तो जॉबरच नव्हे. दुसऱ्या दिवसापासून ती बुचं माझ्या झाकणावर पडून राहायला लागली. माझ्यावर चादर टाकली गेली. रेकॉर्डी खाटेखाली गेल्या. कुणी नव्या शोधेना की जुन्या वाजवेना.

मित्रांनो, त्या दिवसांत मी जितका तळमळलो तितका कधी तळमळलो नाही. रोज सकाळी त्याच्या चपलांचा आवाज ऐकायचा, आणि बुचं माझ्या अंगावर तशीच. रोज! आणखी एक दिवस गेला, आणखी थोडं गेलं. अरे, मला भंगारात दे, माझे तुकडे कर, पण ती बुचं घे! शिवलिंगप्पाही रोज ती बघायचे आणि तोंड फिरवायचे. मला त्यांचा संताप यायचा. एक शब्द तरी बोला की हो!

एके सकाळी त्यांनी बुचं बाजूला ठेवली, माझ्यावरची चादर काढली आणि झाकण उघडलं. खाटेखालनं ती ब्रिस्टलची रेकॉर्ड काढून माझ्यावर ठेवली. सुई कुठं टेकवायची ते त्यांना ठाऊक नव्हतं, भलतीकडंच टेकवली, मी कसंबसं सांभाळून घेतलं. मग त्यांनी आपला पंजा माझ्या लाकडावर ठेवला. खर्ज त्यांच्या हाताला लागला असावा, कारण ते दचकले. विरेश डबा घेऊन निघाला होता, तो थांबला. चेतना दारात आली.

"मला ह्यातलं कायबी ऐकू येत न्हाय," शिवलिंगप्पा मोठ्यानं म्हणाले. त्यांचं सगळंच बोलणं मोठ्यानं असतं. "कान झाकणारा जॉबर म्हंजे डोळं बांधून गाडी हाकणारा, आसं मीच तुला शिकवलं. चुकलं माझं." त्यांनी चेतनाकडं बोट केलं. "ही पोरगी लगीन करून ह्या घरात आली. माझ्या पुढ्यात ताट ठिवती, हाक मारती. तिचा आवाज कसा हाय, आजवर मला ठाऊक न्हाय. ओठ हलत्यात तेवढं दिसतं."

चेतनानं पदर तोंडाला लावला. शिवलिंगप्पांनी बाजूला ठेवलेली बुचं उचलली आणि त्यांचा दोरा लेकाच्या गळ्यात घातला. विरेशनं ती कानात घातली आणि गेला. मी त्या सकाळी रेकॉर्ड संपल्यावरही कितीतरी वेळ फिरत होतो, कारण मला थांबवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मला फार आवडलं असतं. काही दिवस तो बुचं नेतो. संध्याकाळी माझी चादर काढतो, बारीक आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवतो आणि जेवढं ऐकू येतं तेवढं ऐकतो. झांजांच्या जागी चेतना त्याच्या तळहातावर ठेका धरते, आता तिचं बोट अडखळत नाही. पण काही दिवस कुणीतरी हसतं, किंवा त्यालाच मागाचं दुखणं नीट ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बुचं घरीच राहतात.

आज सकाळी ती माझ्या झाकणावर होती. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, देव जाणे. चेतनानं ती बघितली, उचलली आणि अनवाणी गल्लीत धावली. खिडकीवरची चादर वाऱ्यानं बाजूला झाली होती, त्यामुळं मला दिसत होतं. विरेश सायकल हातात धरून कोपऱ्याकडं चालला होता. चेतनानं हाक मारली, "अहो!" मग आणखी मोठ्यानं. मग जिवाच्या आकांतानं नाव घेऊन, "विरेश!" नळावरच्या बाया वळल्या. दुकानदार वळला. रिक्षावाला वळला. विरेश वळला नाही. तो सायकलवर बसला आणि कोपऱ्याआड गेला, आणि ती बुचं मुठीत धरून तिथंच उभी राहिली.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझी सुई चांगली आहे, पट्टा चांगला आहे, मी आणखी पुष्कळ वर्षं वाजेन. तुम्हाला पाय आहेत, तुम्हाला आवाज आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जो हल्ली फार मोठ्यानं बोलतो, टीव्हीचा आवाज वाढवतो, आणि बिघाड यंत्रात आहे म्हणतो. त्याला हसू नका. आणि त्याला मागून हाक मारू नका, ती पोचत नाही. धावत जा, त्याच्या पुढं जाऊन उभे राहा, तुमचे ओठ त्याला दिसू द्या, आणि मग सांगा.